जलाशयाचा काठ आणि आकाशातील साक्षीदार

उद्दिष्टे
हा पाठ अभ्यासल्यानंतर आपण :
• उपग्रहचित्रातून पाण्याचे क्षेत्र कसे मोजतात, ते सांगू शकाल;
• मुक्तस्रोत आज्ञावलीचे महत्त्व स्पष्ट करू शकाल.

मूळपाठ

जबलपूरजवळ नर्मदेवर बरगी धरण आहे. त्याच्या जलाशयाखाली जबलपूर, मंडला व सिवनी जिल्ह्यांतील अनेक गावे गेली. पावसाळ्यानंतर हा जलाशय तुडुंब भरतो, उन्हाळ्यात ओसरतो. तेव्हा उघड्या पडणाऱ्या जमिनीत विस्थापित कुटुंबे गाळपेर करतात. म्हणूनच पाणी केव्हा आणि कोठवर उतरते, हा त्यांच्या दृष्टीने भाकरीचा प्रश्न आहे.

या प्रश्नाचे उत्तर उपग्रहचित्रांत सापडते. लँडसॅट मालिकेतील एक उपग्रह दर 16 दिवसांनी त्याच भूभागावरून जातो. त्याचे चित्र लहान लहान चौकटींचे बनलेले असते. प्रत्येक चौकट जमिनीवरील 30 मीटर लांब व तितक्याच रुंद तुकड्याची असते. डोळ्यांना न दिसणारे निकट-अवरक्त किरण पाणी शोषून घेते, तर पिके ते परावर्तित करतात. म्हणून हिरव्या प्रकाशाच्या नोंदीतून अवरक्त नोंद वजा करून त्या फरकाला दोहोंच्या बेरजेने भागतात. उत्तर शून्याहून अधिक आले, तर तेथे बहुधा पाणी असते. अशा 1000 चौकटी मिळाल्या, तर पाण्याचे क्षेत्र 90 हेक्टर होते.

हे गणित लक्षावधी चौकटींसाठी करावे लागते. त्यासाठी क्यूजीआयएस ही आज्ञावली उपयोगी पडते. 2002 मध्ये गॅरी शर्मन यांनी तिचा आरंभ केला. ती विनामूल्य आहेच. शिवाय तिची मूळ संहिता कोणीही वाचू शकतो, सुधारू शकतो व इतरांना देऊ शकतो. यालाच 'मुक्तस्रोत' म्हणतात. लँडसॅटची चित्रेही 2008 पासून सर्वांसाठी मोफत खुली झाली.

येथे पैशांची बचत हा गौण लाभ होय. जमिनीविषयी वाद उद्भवला, तर मोजणी कशी केली हे दोन्ही पक्षांना पडताळता येते, हे खरे महत्त्वाचे. मात्र ढग चित्र झाकतात आणि काठावरील चौकटीत पाणी व माती मिसळलेली असते. तेव्हा आकाशातील साक्षीला शिवारातील पाहणीची जोड द्यावीच लागते.

पाठगत प्रश्न
1. गाळपेरीसाठी जलाशयाच्या काठाची माहिती का हवी?
2. 'विनामूल्य' आणि 'मुक्तस्रोत' यांतील फरक लिहा.
3. पाण्याच्या 500 चौकटींचे क्षेत्र किती हेक्टर होईल?