दोघांची मैफल, चौघांचा बँड

हा लेख सबमिशनच्या आदल्या रात्री लिहितोय. यावरून विषय किती जिव्हाळ्याचा आहे ते समजून घ्या.

गेल्या गॅदरिंगच्या आधी आमच्या रूममध्ये एक बँड जन्माला आला होता. गाणी मी लिहायचो, चाली माझा रूम पार्टनर लावायचा. एक जुनी गिटार आणि मेसमधला एक रिकामा डबा, एवढंच भांडवल. पण पोस्टरवर कुणाचं नाव आधी घालायचं, यावरून गाणं वाजायच्या आधी आमचंच वाजलं आणि बँड फुटला.

पार्टनर हल्ली एम. एस. साठी जर्मन शिकतोय. हेडफोन लावून बर्लिनच्या 'विअर झिंट हेल्डन' या बँडची गाणी ऐकत बसतो. मी भिंतीकडे तोंड करून सलील-संदीप ऐकतो. शेवटी म्हटलं, भांडण पुरे, जरा अभ्यास करू. माणसं एकत्र गातात ती टिकतात कशी आणि थांबतात का?

पहिलीच गंमत म्हणजे साल एकच, २००३. त्या वर्षी डॉ. सलील कुलकर्णी आणि संदीप खरे यांनी 'आयुष्यावर बोलू काही' हा कार्यक्रम सुरू केला. त्याच वर्षी युडिथ होलोफेर्नेस या गायिकेच्या 'विअर झिंट हेल्डन'चा पहिला अल्बम आला, 'डी रेक्लामात्सिओन'. म्हणजे बिघडलेला माल परत करताना आपण दुकानदाराकडे करतो ती तक्रार! इंग्रजीत न गाता ही मंडळी साध्या, बोलत्या जर्मनमध्ये गायली. आपल्या जोडीनेही तेच केलं. सिनेमाचा टेकू न घेता घरातल्या मराठीत, घरातल्याच गोष्टी सांगितल्या.

'दमलेल्या बाबाची कहाणी' आठवा. कामावरून उशिरा आलेला बाप आणि झोपून गेलेली मुलगी, एवढाच विषय. आमच्या विंगमध्ये ते गाणं लागलं की गलका थांबतो. माझे बाबा एसटीत कंडक्टर आहेत, आठवड्यातून तीन रात्री मुक्कामाच्या गाडीवर असतात. त्या गाण्यानंतर मी घरी फोन लावतो आणि "जेवलात का?" याच्यापुढे काही बोलत नाही.

आता मुद्द्याचं. जर्मन बँडने २००३ ते २०१० मध्ये चार अल्बम केले आणि २०१२ साली बेमुदत थांबायचं ठरवलं. गायिका आणि ड्रमवाला पोला रॉय हे नवरा-बायको, पदरात दोन लहान मुलं. चौघांचं सगळं आयुष्य एकाच गाडीत बसलेलं, तिथे संसार आणि दौरे यांचा मेळ बसवणं सोपं नव्हतं.

सलील-संदीपची रचना वेगळी. मंचावर दोघे, थोडी कविता, थोड्या गप्पा, थोडं गाणं. शब्द एकाचे, चाल दुसऱ्याची, त्यामुळे एकमेकांवाचून अडणारच. पण एकत्र असूनही प्रत्येकाला आपापलं अंगण होतं. संदीपचे 'मौनाची भाषांतरे'सारखे कवितासंग्रह आले. सलीलने 'वेडिंगचा शिनेमा' (२०१९) आणि 'एकदा काय झालं' (२०२२) हे चित्रपट दिग्दर्शित केले. दुसऱ्याला तर सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आणि वीस वर्षांनंतरही त्यांच्या कार्यक्रमाचे प्रयोग होत राहिले.

माझा निष्कर्ष असा, की जोडी टिकवायची तर दोर थोडा सैल हवा. आणि थांबावं लागलंच, तर तेही अपयश नव्हे. त्या चार अल्बमांची गाणी आज रत्नागिरीत माझा पार्टनर ऐकतोच आहे ना!

काल संध्याकाळी मांडवीच्या जेट्टीवर त्याला हे सगळं ऐकवलं. तो बराच वेळ समुद्राकडे बघत बसला. मग म्हणाला, "पुढच्या वर्षी मी इथे नसेन रे." मी म्हटलं, "म्हणून तर या वर्षी करूया."

पोस्टर ठरलंय. नावं कुणाचीच नाहीत, फक्त रूम नंबर. गॅदरिंगला नक्की या आणि शिट्ट्या जपून ठेवा.