तिशीच्या दिवशी आयर्न मेडन

चि. अथर्व यास,


तिसावा वाढदिवस तू आयर्न मेडनच्या कार्यक्रमात घालवणार आहेस हे कळलं आणि फार बरं वाटलं. त्याच संध्याकाळी तुझ्या आईचा फोन आला. 'सर, वाढदिवसाला देवळात जायचं सोडून हा कवट्यांचे टी-शर्ट घालणाऱ्यांच्या गर्दीत जाणार म्हणतोय. तुमचं ऐकतो, तुम्ही तरी सांगा.' सांगतो म्हटलं, म्हणून हे पत्र. जा, असंच माझं सांगणं आहे. फक्त सकाळी आईला व्हिडिओवर औक्षण करू दे, घाई न करता समोर बस, आणि कुठे जातोयस, कोणाबरोबर, रात्री परत कसा येणार, हे तिला आपणहून सांग. तिला ते संगीत आवडायलाच हवं असं नाही. तू नीट घरी पोचलास एवढं कळलं की तिला पुरे.

आता मुख्य गोष्ट. वाढदिवस म्हटला की आपण मधोमध बसतो आणि सगळे आपल्याकडे बघतात. त्या दिवशी हजारो माणसांत तुझा वाढदिवस आहे हे कोणाला ठाऊकही नसेल. ते फार चांगलं आहे. तिशीला आलेल्या तबलावादकाने एक दिवस पूर्ण विसरून दुसऱ्याकडे बघावं, आणि ज्यांच्याकडे बघायचं ती माणसं कोण आहेत हे आधी समजून घ्यावं.

आयर्न मेडन हा बँड बासवादक स्टीव्ह हॅरिसने 1975 च्या नाताळात लंडनच्या पूर्व भागात सुरू केला. त्याचा जन्म 1956 चा, गायक ब्रूस डिकिन्सनचा 1958 चा. डिकिन्सनच्या जिभेच्या मागच्या बाजूला कर्करोगाची गाठ निघाली होती. 2015 मध्ये उपचार संपले, आणि पुढच्याच वर्षी तो पुन्हा मोठ्या दौऱ्यावर गात होता, बँडचं विमानही स्वतः चालवत होता. ड्रमर निको मॅकब्रेन 1982 पासून वाजवत होता. जानेवारी 2023 मध्ये त्याला पक्षाघाताचा झटका आला, उजवी बाजू गेली. त्याच वर्षीच्या मे महिन्यात तो पुन्हा मंचावर होता. हात पूर्वीसारखा जलद चालत नव्हता, म्हणून त्याने वादनात बदल केले आणि तसं उघड सांगितलं. शेवटी डिसेंबर 2024 मध्ये साओ पाउलोला वाजवून त्याने दौऱ्यांचा निरोप घेतला. तेव्हा तो 72 वर्षांचा होता. तिशीत पाऊल टाकताना हे बघून ठेव. आपल्याकडे उस्ताद म्हातारा झाला तरी त्याचं ऐकायला लोक येतात, कारण वय वाढेल तशी समज वाढते हे आपण मानतो. तसा मान ह्या संगीतातही मिळतो हे बाहेरच्यांना माहीत नसतं.

हेवी मेटलची ही परंपरा सुरू झाली तीच बोटांच्या दुखण्यातून. बर्मिंगहॅमचा टोनी आयोमी सतरा वर्षांचा असताना पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. तिथल्या यंत्राने त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं तोडली, आणि तो डावखुरा असल्याने तारा दाबायची बोटं नेमकी तीच. त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, त्यावर कातड्याचे तुकडे चिकटवले. जाड तारा दाबवेनात म्हणून पातळ तारा लावल्या, पुढे त्या सैलही केल्या. सैल तारांचा तो खोल, जड आवाज म्हणजे त्याचा बँड ब्लॅक सबाथ, आणि तिथून पुढे हे सगळं घराणं. तुझं बोट दुखतंय म्हणून तू मागच्या पावसाळ्यात रियाज सोडलास, हे मी विसरलेलो नाही. रागावलेलो नाही, पण आयोमीची गोष्ट तुला मुद्दाम सांगतोय.

ह्याच ब्लॅक सबाथचा गायक ऑझी ऑस्बॉर्न 5 जुलै 2025 ला बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्क मैदानावर शेवटचा गायला. पार्किन्सनमुळे उभं राहता येत नव्हतं, म्हणून सिंहासनावर बसून गायला. 22 जुलैला तो गेला. 'पुढच्या वेळी बघू' म्हणून ज्यांनी तो कार्यक्रम सोडला असेल, त्यांना आता काय उत्तर आहे? म्हणून म्हणतो, तिकीट महाग आहे, सुट्टी मिळत नाही, असली कारणं काढत बसू नकोस.

मी आयर्न मेडनला एकदाच प्रत्यक्ष ऐकलं, 1 फेब्रुवारी 2008 ला मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलाच्या मैदानावर. त्यांच्या जगभराच्या दौऱ्याची सुरुवात तिथूनच होती. आपल्या क्लासचा एक मोठा मुलगा हट्टाने घेऊन गेला होता. पहिली काही मिनिटं मला फक्त आवाज ऐकू आला. मग हॅरिसच्या उजव्या हाताकडे नजर गेली. तो बास गिटार नखीने छेडत नाही, तर्जनी आणि मधल्या बोटाने वाजवतो. त्याच्या वादनात जी घोड्याची चाल म्हणतात, ती म्हणजे एक लांब आणि दोन आखूड. मी मनात बोल लावून बघितले: धाऽतिट धाऽतिट धाऽतिट. तंतोतंत बसले! आणि हे दोन बोटांवर, द्रुत लयीत, दोन तास. तू कायदा पाच मिनिटं द्रुतात वाजवलास की तुझं मनगट आखडतं. तो खांदा कसा सैल ठेवतो, श्वास कधी घेतो, ते बघ. जमलं तर हॅरिसच्या बाजूला उभा राहा.

तुझ्या पिढीला एक सवय आहे, त्याबद्दल कडक बोलतो. फोन खिशात ठेव. पन्नास वर्षं झाल्यानिमित्तच्या ह्या दौऱ्यासाठी बँडनेच प्रेक्षकांना तशी विनंती केली होती. चित्रण करणारा माणूस लय मोजत नाही, तो चौकट सांभाळत बसतो. 'फिअर ऑफ द डार्क' सुरू झालं की गिटारची धून सगळं मैदान तोंडाने म्हणतं. शब्द नाहीत, नुसते सूर, आणि हजारो माणसं ती एका लयीत धरून ठेवतात. आपण एका सारंगीच्या लेहऱ्यावर वाजवतो, तिथे लेहरा मैदानच धरतं. तेव्हा मोठ्याने गा. सूर चुकला तरी चालेल.

कानांची काळजी मात्र घ्यायचीच. ह्यात मी तडजोड करणार नाही. तिकडे जर्मनीत असल्या कार्यक्रमांत अर्ध्या तासाची सरासरी 99 डेसिबलच्या वर जाऊ नये असं मानक आहे, पण तेवढा आवाजही पाव तासापेक्षा जास्त उघड्या कानांनी ऐकणं धोक्याचं असतं. कानातल्या केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा येत नाहीत. बायाँच्या घिश्शातली बारीक मींड ज्याला ऐकायची आहे, त्याला हे परवडणारं नाही. फोमची बोंडं बोटांत वळून बारीक करायची, दुसऱ्या हाताने कान वर ओढून आत घालायची आणि फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवायची. नुसती दारात अडकवल्यासारखी लावलीस तर काही उपयोग नाही. वादकांसाठी मिळतात ती बोंडं घेतलीस तर आवाज कमी होतो आणि सूर स्वच्छ राहतो. त्याचे पैसे मी देतो, वाढदिवसाची भेट समज.

मंचासमोर पोरं एकमेकांना धक्के देत गोल फिरतात, तिथे जायचं की नाही ते तुझं तू ठरव. गेलास तर एक रीत पाळ: कोणी पडलं की सगळे थांबतात आणि त्याला आधी उचलतात. तूही वाकून हात दे. बूट बंद घाल, पाणी पीत राहा. आणि हात खिशात नाही, छातीपाशी ठेव. ते हात माझेही आहेत, पंधरा वर्षं घडवलेत.

आधी वाजवणाऱ्या लहान बँडसाठी वेळेवर पोच. मैफलीत पहिल्या कलाकाराला रिकाम्या खुर्च्यांसमोर बसवणं मला कधीच आवडलं नाही. मुख्य कार्यक्रमाआधी स्पीकरवर यूएफओ नावाच्या बँडचं 'डॉक्टर डॉक्टर' लागतं. ते लागलं की जुने श्रोते पाणी, गप्पा सगळं टाकून पुढे सरकतात. तूही सरक.

तिथून आल्यावर मला दोन गोष्टी लिहून पाठव. निको एकाच पायाच्या पेडलवर वाजवायचा, तेही अनवाणी, आणि दोन पेडल वापरणाऱ्यांना मागे टाकायचा. त्याच्या जागी आलेला सायमन डॉसन पायाचं काम कसं करतो, ते नीट बघ. दुसरं, त्यांनी 'राइम ऑफ द एन्शंट मरिनर' वाजवलं तर त्याच्या मध्यावर लय जवळजवळ थांबते. बास आणि जहाजाच्या लाकडांची करकर ऐकू येते. तिथून पुन्हा मूळ चालीत येताना ते सम कशी पकडतात, ड्रमवर की गिटारवर, हाताने ताल देत मोजून ये. मी रेकॉर्डवर किती वेळा ऐकलं, तरी प्रत्यक्षात ते कसं करतात हे मला जाणून घ्यायचंय. डिसेंबरात घरी येशील तेव्हा तो तुकडा आपण तबल्यावर बसवू.

तुझा,
सर