वळीव आणि ऋतुचर्या

महाराष्ट्रात मे महिन्यात दुपारच्या उष्णतेने वर चढलेल्या बाष्पयुक्त हवेपासून गडगडाटी मेघ बनतात. त्यांतून खाली कोसळणारा शीत वायू पुढे पसरतो व तापमान थोड्याच वेळात कित्येक अंशांनी उतरते. अशा वेळी प्रतिश्याय, संधिशूल, श्वास यांचे रुग्ण येतात. परंतु तेवढ्यावरून वर्षाऋतुचर्या सांगणे उचित नव्हे. आदानकाल संपलेला नसतो, शरीरबल अल्पच असते. म्हणून उष्ण-तीक्ष्ण औषधे अल्प मात्रेत, अल्पकाळच द्यावीत. बस्तीची घाई करू नये, असे आम्हांस वाटते. ग्रीष्मचर्येचा त्याग ऋतुसंधीच्या 14 दिवसांत क्रमशः करावा. औषधविक्रेत्यांनीही लवणभास्करासारखी ओलावा शोषणारी चूर्णे पहिल्या वळवापूर्वीच हवाबंद करून ठेवावीत.