चमचाभर औषध, पण चमचा कोणता?

बुलढाणा जिल्ह्यात सातपुड्याच्या पायथ्याशी सोनाळा हे गाव आहे. कार्तिक-मार्गशीर्षात अशा गावांत पहाटे गारठा असतो, कापसाची वेचणी चालू असते आणि धूळ उडत असते. घरोघरी कोणी ना कोणी शिंकते, खोकते. आई शेतावर जाताना सांगते, "बाळाला बाटलीतले चमचाभर पाज." चमचाभर म्हणजे किती? हा प्रश्न वैद्यकाचा वाटला तरी मुळात तो मापनाचा आहे.

एक सोपा प्रयोग करा. घरातला चहाचा चमचा घ्या. दहा चमचे पाणी एका पेल्यात ओता. आता ते पाणी औषधाच्या बाटलीबरोबर मिळणाऱ्या खुणांच्या टोपणाने मोजा व दहाने भागा. पोह्यांच्या व भाजीच्या चमच्यानेही हेच करा. तिन्ही उत्तरे वेगळी येतील. औषधाचा 'एक चमचा' मात्र नेहमी ५ मिलिलिटर असतो. टोपण सपाट जागी ठेवा, डोळा द्रवाच्या पातळीसमोर आणा आणि मगच वाचन घ्या. वरून पाहिल्यास ते चुकते.

आकारमान बरोबर आले, तरी काम संपले नाही. त्या द्रवात औषध किती विरघळलेले आहे? तापावरच्या पॅरासिटॅमॉलचे उदाहरण घेऊ. एका पातळ औषधात दर ५ मिलिलिटरला १२५ मिलिग्रॅम असते, दुसऱ्यात २५० मिलिग्रॅम. तान्ह्या मुलांच्या थेंबांत दर मिलिलिटरला १०० मिलिग्रॅमही असते. म्हणजे ५ मिलिलिटरमध्ये ५००! लहान मुलांना एका वेळी, वजनाच्या दर किलोग्रॅमला १० ते १५ मिलिग्रॅम देतात. दहा किलो वजनाच्या बाळाला १०० ते १५० मिलिग्रॅम पुरे. चुकून थेंबांचे औषध चमचाभर पाजले, तर? गुणाकार तुम्हीच करा. जादा पॅरासिटॅमॉलने यकृताला गंभीर इजा होते.

सर्दीच्या अनेक गोळ्यांतही पॅरासिटॅमॉल असते. तापाची गोळी वेगळी घेतली, की तेच औषध दोनदा पोटात जाते. म्हणून दुकानी नाव न पाहता लेबलावरचे घटक वाचा. सर्दी व ॲलर्जीवरच्या क्लोरफेनिरामिनने झोप येते. ते घेऊन सायकल, मोटारसायकल किंवा यंत्र चालवू नये. नाक मोकळे करणारे झायलोमेटाझोलिनचे थेंब फार दिवस वापरले, तर नाक उलट अधिकच चोंदते. सर्दी विषाणूंमुळे होते, त्यामुळे प्रतिजैविकांचा तिच्यावर उपयोग नसतो.

काही धोके मात्र चमच्याने मोजता येत नाहीत. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सातपुड्यातल्याच छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या औषधानंतर मूत्रपिंडे निकामी होऊन वीसहून अधिक मुले दगावली. त्यांतील अनेकांवर नागपूरला उपचार झाले होते. त्या 'कोल्ड्रिफ' औषधाच्या तपासणीत डायएथिलीन ग्लायकॉल ४८.६ टक्के निघाले. मर्यादा आहे ०.१ टक्का. म्हणजे ४८६ पट! १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १४ रुग्णांचा बळी याच विषाने घेतला होता. तेव्हा ते ग्लिसरीनमध्ये होते. हा द्रव रंगहीन, दाट आणि गोड असतो. त्यामुळे डोळ्यांना वा जिभेला तो ओळखू येत नाही. प्रयोगशाळाच तो ओळखते. ही जबाबदारी कारखान्याची व सरकारची आहे. आपण पावती घ्यावी, बॅच क्रमांक व मुदत पाहावी आणि आजारी माणूस बरा होईपर्यंत बाटली फेकू नये. औषधानंतर मूल लघवी करीनासे झाले किंवा सारखे ओकू लागले, तर त्याला बाटलीसह तडक रुग्णालयात न्यावे.

मुळात बाळाला हे औषध हवे का? २०२५ च्या केंद्र सरकारच्या सूचनेनुसार दोन वर्षांखालील मुलांना खोकला-सर्दीची औषधे देऊ नयेत. पाच वर्षांखालीही ती सहसा नकोत. साधी सर्दी बहुधा आपोआप बरी होते. विश्रांती, कोमट पाणी व पेज पुरते. वर्षावरील मुलाला थोडा मध चालतो. त्याखाली मुळीच देऊ नये. धाप लागली, ताप उतरेना किंवा मूल मलूल झाले, तर डॉक्टरांकडे जावे.

आज घरातल्या औषधांची लेबले वाचा व प्रत्येकातले घटक वहीत लिहा. एकच नाव दोनदा आले, तर घरच्यांना दाखवा. पुढच्या वेळी आई "चमचाभर पाज" म्हणाली, की आधी विचारा, "कोणत्या बाटलीतले? आणि टोपण कुठे आहे?"