शूटिंगच्या ड्रोनचा सांगाडा

लग्नाच्या शूटिंगसाठी तयार ड्रोन महाग पडतो, म्हणून सांगाडा आम्हीच बनवून पाहिला. तिरकस समोरच्या मोटारींत 450 मि.मी., म्हणजे शेजारच्या दोहोंत 318 मि.मी. अंतर. दहा इंची पंखे त्यात मोकळे फिरतात. बारा इंचींना जेमतेम 13 मि.मी. फट उरते.

पहिले चित्रण पाण्यासारखे लहरले. आम्ही कॅमेऱ्याला दोष देत बसलो! दोष निघाला पंख्यांच्या असमतोलात व ढिल्या स्क्रूंत. पंखे तोलले, कॅमेऱ्याखाली रबरी बुश घातले, चित्र स्थिर झाले. कार्बन फायबर कापताना मास्क लावावा; भुकटी छातीला वाईट.

आता धंद्याचे. 2021 च्या ड्रोन नियमांत घरगुती ड्रोन हौस वा चाचणीपुरता चालतो. 250 ग्रॅमवरचा ड्रोन धंद्यासाठी उडवायचा तर टाइप सर्टिफिकेट व पायलटचे प्रमाणपत्र लागते. बयाणा घेण्यापूर्वी हे पाहावे. आमचा सांगाडा सध्या दुकानात टांगलेला आहे.