स्वभावाला औषध असते का?

‘स्वभावाला औषध नाही’, असे आपण सहज म्हणतो. परंतु हे पूर्णतः खरे नाही. प्रत्येकाचा स्वभाव निराळा असतो. मात्र विचार, भावना व वर्तन यांची घडण इतकी ताठर असते की, नातेसंबंध व कामकाज वर्षानुवर्षे बिघडत राहते, तेव्हा तिला ‘व्यक्तिमत्त्व विकार’ म्हणतात.

अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ संघटनेच्या २०१३ च्या वर्गीकरणात याचे दहा प्रकार तीन गटांत मांडले आहेत. पहिल्या गटात संशयीपणा, अलिप्तता व विक्षिप्तपणा. दुसऱ्यात समाजविघातक वृत्ती, भावनिक अस्थिरता, नाटकीपणा व आत्मप्रौढी. तिसऱ्यात लोकांना टाळणे, परावलंबन व अतिकाटेकोरपणा आढळतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ पासून प्रकारांपेक्षा विकाराच्या सौम्य, मध्यम वा तीव्र स्वरूपाला अधिक महत्त्व दिले आहे.

एखादे लक्षण दिसले म्हणून कोणाला ‘विकारी’ ठरवू नये. निदान तज्ज्ञांनीच करावे. समुपदेशन व दीर्घकालीन मानसोपचार यांनी सुधारणा होते. दिल्लीतील लक्ष्मीबाई नगरच्या रहिवाशांना अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचा मनोविकार विभाग जवळच आहे. इतरत्र राहणाऱ्यांसाठी २०२२ साली सुरू झालेल्या ‘टेली-मानस’चा १४४१६ हा निःशुल्क क्रमांक आहे. दोष देण्याऐवजी मदत मागणे, हीच उपचाराची पहिली पायरी होय.