मुगाची कुरडई आणि चिनी अळंबी

‘चायनीज’ म्हटले की आम्हा भांडुपकरांच्या डोळ्यांपुढे गाडीवरची लालभडक भेळ उभी राहते. ती अस्सल मुंबईकरच. चिकन मांचुरिअनचे जनकत्वसुद्धा १९७५ च्या मुंबईतील नेल्सन वांग यांना दिले जाते. प्रस्तुत पदार्थ मात्र खरोखर चिनी वळणाचा आहे. काचेसारख्या पारदर्शक शेवया आणि अळंबी, जेवणाआधी वाटीभर खाण्याजोगा.

या शेवया माझ्या मते शेवया नव्हेतच, कुरडया होत. आपण गहू तीन दिवस भिजवून वाटतो, चीक काढतो, तो शिजवून सोऱ्याने कुरडया घालतो आणि वाळवतो. चिनी लोक मुगाचा चीक घेतात आणि त्याच्या तारा उकळत्या पाण्यात पाडून, गार करून वाळवतात. गव्हाच्या शेवईला कणकेतला चिकटपणा धरून ठेवतो. इथे तो नाही. शिजलेला चीक गार होताना स्वतःच घट्ट बांधला जातो, आणि मुगाच्या चिकात हा गुण विशेष असतो. विदर्भ-खानदेशात कुरडईची भाजी खाल्लेल्या मैत्रिणींना अर्धी कृती येतेच म्हणायची.

म्हणून त्या उकळत ठेवू नयेत; गिचका होतो. ५० ग्रॅम शेवया गरम पाण्यात दहा मिनिटे भिजवाव्यात, बोटाला वळू लागल्या की निथळून कात्रीने कापाव्यात. त्यांना स्वतःची चव नाही, पण तहान मोठी. जो रस द्याल तो पितात.

तो रस अळंबीचा. बाजारात मिळणारी पांढरी बटन अळंबी २०० ग्रॅम घ्यावी. पावसाळ्यात डोंगराच्या बाजूला उगवलेली अळंबी घरी आणण्याचा मोह होतो, पण ओळख पक्की नसेल तर ती मुळीच आणू नये. चांदीचे नाणे किंवा लसूण काळी पडते का, ही परीक्षा निव्वळ खोटी आहे, आणि काही विषारी जातींचे विष शिजवूनही जात नाही.

अळंबीत नऊ दशांश पाणीच. जाड काप करून, पसरट कढईत दोन चमचे तेलावर, मोठ्या आंचेवर, मीठ न घालता परतावेत. पाणी सुटेल, आटेल, मग कडा तांबूस होतील. इथे घाई केली तर सारे उकडल्यासारखे लागते. नंतर ठेचलेली लसूण, आले, मिरची. दीड मोठा चमचा सोया सॉस, चिमूटभर साखर, अर्धी वाटी पाणी. उकळी आली की शेवया घालाव्यात. दोन मिनिटांत रस नाहीसा होतो. खाली उतरवून चमचाभर व्हिनेगर व कांद्याची पात घालावी. मीठ चव पाहूनच, सोया खारट असतो. चिनी तिळाचे तेल भाजक्या तिळांचे असते, आपल्या घाणीच्या तेलाला तो वास नाही. मी तीळ खमंग भाजून, भरड कुटून घालते.

मूठभर कोरड्या शेवया मात्र बाजूला ठेवाव्यात. कडकडीत तेलात सोडल्या की कुरडईसारख्याच क्षणात पांढऱ्याशुभ्र फुलतात. त्या बशीत पसरून वर अळंबी वाढावी आणि लगेच खायला द्यावी. पाच मिनिटांत त्या मऊ पडतात.